मुर्रीच्या मिलचा स्विच

"हिले फोनवर बसवा, साहेब. इंग्लिश मिडियमवाली मॅडम मशीनमध्ये घुसते, आन् पळा लागते मले."

पार्टिशनपलीकडून आमचे सीनियर, भाऊ, मालकांना सांगत होते. मला ऐकू जावं एवढ्या आवाजात.

आमचं ऑफिस राईस मिलींची, दुकानांची नेटवर्कं सांभाळतं. भाऊ गाडीवर जाऊन कॅमेरे, कॉम्प्युटर एकत्र जोडणाऱ्या प्रत्येक स्विचला, त्या डब्याला, लॅपटॉप लावतात, हातानं कमांड टाकतात. तेच काम ऑफिसात बसून स्क्रिप्टकडून, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रामकडून, करवून घ्यायला मी शिकत होते. कुडव्याला घरी एका टाकाऊ स्विचवर सराव करायचे. मालकांनी सध्या फक्त सेटिंग वाचायची परवानगी दिली होती.

मुर्रीच्या मिलमध्ये वीज गेली की ती परत आल्यावरही कॅमेरे बंदच राहायचे. भाऊ जायचे, सुरू करायचे, मिलच्या शेठकडचा चहा पिऊन यायचे आणि खापर माझ्या स्क्रिप्टवर फोडायचे. मालकांनी मला बजावलं, "अजून एकदा झालं तर तुझं शिकणं बंद. फोन उचलायचे."

मी वाद घातला नाही. मला तो जमत नाही. स्क्रिप्टमध्ये एक भर घातली: स्विचवर आत्ता चालू असलेली सेटिंग आणि त्यात सेव्ह असलेली सेटिंग शेजारी ठेवून दाखवायची. बाकी सगळीकडे दोन्ही सारख्या. मुर्रीला कॅमेऱ्यांच्या ओळी फक्त चालू सेटिंगमध्ये. सेव्हची कमांड भाऊंनी तिथं दिलीच नव्हती, म्हणून वीज गेली की ओळी पुसल्या जायच्या आणि भाऊंना बोलावणं यायचं. विसरले असतील, असं मी तेव्हा मानलं नाही. आजही मानत नाही.

तेव्हाच सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मुर्रीची वीज जायची वाट पाहिली, आणि इतकी गोड वाट मी कधी पाहिली नव्हती.

वीज गेली. या वेळी शेठ स्वतःच ऑफिसात येऊन तणतणले, "ये क्या तमाशा है?" भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि हेल्मेट उचललं. मालक माझ्याकडे वळले.

वीज जायच्या आधीच काढून ठेवलेल्या दोन्ही सेटिंग उघडून मी लॅपटॉप शेठकडे फिरवला.

"हेल्मेट ठेवा, भाऊ. आधी शेठजींना सांगा, बाकी सगळीकडे सेव्ह करता, यांच्याच मिलमध्ये काऊन नाही करत?"