उभ्याने मुरुडला

रेवसच्या धक्क्यावर आमची घरगाडी पहिल्यांदा उभी राहिली ती गेल्या वर्षी, आणि स्वागताला आम्हाला बोलणी बसली. घरगाडी म्हणजे जुना टेम्पो, आत पलंग, शेगडी आणि मोरी बसवलेला. निवृत्त झाल्यापासून मी आणि माझी बायको मनाली त्यातून किनारा फिरतो. समोर खाडी, पलीकडे करंजाचा डोंगर, मधे परतणाऱ्या होड्या. एवढी सुरेख जागा फुकटात मिळाली म्हणून मी खुशीत होतो, तोच पत्र्यावर थापा पडल्या. बाहेर सत्तरीची एक कोळीण कमरेवर हात ठेवून उभी होती.

“गारी हलवा. माज्या बोंबलांचा वारा अरवलाव तुमी.”

मागे पाहिलं तर बांबूंना दोऱ्या ताणून बोंबील वाळत घातलेले, आणि आमची गाडी बरोबर वाऱ्याच्या तोंडावर. मी मुकाट्याने गाडी हलवली. संध्याकाळी तिनेच वाडगाभर कालवण आणून दिलं आणि आम्ही ते संपवेपर्यंत दारातून हलली नाही. ही सगुणाबाय.

यंदा पुन्हा रेवसला गेलो ते त्या देखाव्यासाठी, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे गेलो तिच्यासाठी. या खेपेला गाडी आधीच वारा सोडून लावली. तिने येऊन बोंबलांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

“शिकलाव,” म्हणाली. मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

गप्पांत तिची सल कळली. आईबापांना मुलगा नव्हता, म्हणून थोरली सगुणा घरीच राहिली आणि तिचा नवरा हिरामण घरजावई आला. धाकटी कोकिळा मुरुडला दिली. आईबाप गेल्यावर सगुणाबायचं घर हेच कोकिळेचं माहेर. दरवर्षी दिवाळीनंतर सगुणाबाय होडीने जाऊन बहिणीला घेऊन यायची. मग हिरामण गेला, होडी विकली, आणि उरली एस.टी. वादळात होडीच्या कडेला उभी राहून मासे निवडणारी ही बाई एस.टी.त बसली की हैराण. पोटातलं सगळं बाहेर. दोनदा निघाली, दोनदा अर्ध्या वाटेवरून परतली. आता कोकिळेचं खुब्याचं हाड मोडलेलं. ती अंथरुणावर, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. फोनवर ती एकच विचारायची.

“ताय, मना माहेराला न्यायला कवा येशील?”

ऐकून मनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. सगुणाबाय मात्र तेवढ्यात उठून गाडीत शिरली. पलंग दाबून पाहिला, शेगडी पाहिली, मग मधोमध उभी राहिली. डोकं छताला लागत नव्हतं.

“मना मुरुडला नेशाल?”

“मावशी, गाडी लागली तर?” मनालीने विचारलं.

“लागल ती बसल्यावर. होरीत कोन बसून जातं? उभं रायचं, गुडघं ढिलं सोरायचं. एस.टी.त मना उभी रावूच देत न्हाईत. म्हातारी म्हनून जो तो उठून जागा देतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि पत्र्याची एक पेटी आत चढवली. पेटीत काय ते सांगितलं नाही. मी गाडी जपून, हळूहळू हाकली. अलिबाग गेलं, चौल गेलं, आणि ती माझ्या मागे छताचा दांडा धरून उभीच. काशीदच्या वळणांवर मी वेग आणखी कमी केला. आरशात पाहिलं तर ती प्रत्येक वळणाबरोबर अलगद झुकत होती आणि चक्क गुणगुणत होती. मधे दोनदा म्हटलं, जरा टेका. तिने दांडा सोडला नाही. या वयात एवढी हिंमत मी दुसऱ्या कोणात पाहिलेली नाही.

मुरुडला कोकिळाबायचं घर किनाऱ्यालगत. मला वाटलं, आता बहिणीबहिणी भेटतील, रडतील, चहा होईल. सगुणाबायने घरात पाऊलही टाकलं नाही. गाडी अंगणात, दार घराकडे आणि खिडकी समुद्राकडे, अशी माझ्याकडून तीनदा मागेपुढे करून लावून घेतली. मग कोकिळाबायच्या मुलांना हाक मारली.

“आईला हलू उचला. गारीच्या दाराशी आना.”

पेटी उघडली. आत दोघी बहिणींच्या आईचं जुनं कालवणाचं भांडं, सुके बोंबील, खणनारळ आणि नवं लुगडं. मुलांनी उचलून आणलेल्या बहिणीवरून सगुणाबायने भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, आणि तिला आमच्या पलंगावर निजवून ओटी भरली. कोकिळाबाय खिडकीतून पाण्याकडे बघत होती, आणि शेगडीवर त्या भांड्यात कालवण रटरटत होतं.

आम्ही दोघं अंगणात उभे. आम्हाला कोणी आत बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी आमचं पाऊल उचललं नसतं. जेवण झाल्यावर आतून कोकिळाबायचा आवाज आला.

“ताय, आज इथंच रावू?”

“तुजं माहेर हाय बाय. इचारतेस काय?”

मनालीने हळूच आत हात घालून आमची पांघरुणं तेवढी काढून घेतली. त्या रात्री आम्ही दोघं कोकिळाबायच्या सासरी झोपलो.