शुगरचं नको

"मॅडम, खोकल्याचं द्या. झोप येणारं नको, गाडी चालवायची असती. अन् शुगरचं नको, पोट बिघडतं माझं."

मंगलताई एका दमात एवढं बोलल्या. संध्याकाळची वेळ, काउंटरवर गर्दी. मी मागे वळून फळीवरची बाटली काढली, "जेवणानंतर दोन चमचे, तीन वेळा" असं सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं प्रिस्क्रिप्शन हातात घेतलं. झोप न येणारं सिरप आठवणीने निवडलं म्हणून स्वतःवर खूशही झाले.

श्रीरामपुरात माझं मेडिकल आहे. मी बी.फार्म. झालेली आहे आणि ते मी कुणाला विसरू देत नाही. मंगलताई बेलापूरकडच्या. स्वतःची व्हॅन आहे. वस्त्यांवरची पोरं सकाळी श्रीरामपूरच्या शाळेत आणायची, दुपारी घरी सोडायची, हा त्यांचा धंदा, हे मला नंतर कळलं.

आमच्याकडे 'शुगर' म्हणजे मधुमेह. 'त्याला शुगर निघाली' असं म्हणतात. त्यामुळे 'शुगरचं नको' याचा अर्थ मी सरळ लावला. बाईंना मधुमेह असणार, साखर चालत नसणार. दिलं शुगर-फ्री सिरप. 'तुम्हाला शुगर आहे का?' एवढं विचारायला काही तास लागणार नव्हते. पण गर्दी होती आणि मला सगळं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. काउंटरच्या अगदी कडेला उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकं जायची वाट बघत होत्या, हे मला आता कळतं. तेव्हा मी लांबूनच विचारलं, "काय पाहिजे ताई?"

त्या पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "पोट लई बिघडलंय. त्या औषदानं तर न्हाई ना?"

"जुलाब होतायत?" माझा आवाज मुळातच मोठा. औषध घ्यायला आलेली चार माणसं वळून बघायला लागली. "काय खाल्लं? भेळ, वडापाव, काहीतरी खाल्लंच असणार. खोकल्याच्या सिरपने कुठे जुलाब होतात का? मी शिकलेय ना हे. सिरप चालू ठेवा." आणि ओआरएसची पाकिटं पुढे सरकवली. मागे उभा असलेला एक जण फिदीफिदी हसला. मंगलताईंनी पाकिटं पिशवीत टाकली आणि मान वर न करता गेल्या.

पुढचं मला दोन दिवसांनी एका पालकाकडून कळलं. शिंदे त्यांचं नाव. बीपीच्या गोळ्या घ्यायला आले होते. मोबाईल पुढे करून म्हणाले, "बघा मॅडम, व्हॅनवाल्या बाईचा प्रताप." पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो होता. रस्त्याच्या कडेला व्हॅन उभी, आत पोरं, ड्रायव्हरची जागा रिकामी. शेजारून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला. बाई पोरांना तसंच सोडून एका वस्तीत शिरली, विचारलं तर कारण सांगत नाही, शनिवारी शाळेत मीटिंग आहे, तिची व्हॅन बंद करायची, असं सगळ्यांचं ठरत आलं होतं.

"अशा बाईच्या ताब्यात पोरं द्यायचीच कशाला?" मी म्हणाले. ती बाई कोण, हे विचारलंसुद्धा नाही.

शुक्रवारी दुपारी मंगलताईंनी ती बाटली आणून काउंटरवर ठेवली. या वेळी दुकानात कुणी नव्हतं.

"मॅडम, तुमी मला शुगरचंच दिलं. पुतनीकडून वाचून घेतलं मी."

"नाही हो. शुगर-फ्री दिलंय. तुम्हीच म्हणालात ना, शुगरचं नको?"

"मंग? शुगर-फ्री म्हंजे शुगरवाल्यांचंच की. आमच्या सासूबाईला शुगर हाय. त्यांची ती शुगरची बिस्कुटं, शुगरची गोड गोळी मी तोंडात टाकली का माझं पोट गेलंच. म्हनून तर आदी सांगितलं, शुगरचं नको."

शुगरची गोळी म्हणजे शुगरवाल्यांची गोळी, हे मी रोज ऐकते, रोज विकते. मग शुगरचं सिरप म्हणजे दुसरं काय असणार?

बाटली हातात घेऊन मी पहिल्यांदा नीट वाचली. औषधात दोन भाग असतात. एक खरं औषध, ते नावानिशी लिहिलेलं असतं. दुसरा भाग म्हणजे त्याला गोडी, रंग, दाटपणा देणाऱ्या वस्तू. त्यांना आम्ही 'इनअ‍ॅक्टिव्ह' म्हणतो, म्हणजे काही न करणाऱ्या. लेबलवर त्यांची सगळी नावं असतीलच असं नाही. या बाटलीवर नुसतं 'फ्लेवर्ड शुगर-फ्री बेस' असं होतं. मी कंपनीच्या एमआरला, म्हणजे दुकानोदुकानी फिरणाऱ्या त्यांच्या माणसाला, फोन लावला. त्याने विचारून सांगितलं, "मॅडम, सॉर्बिटॉल आहे."

सॉर्बिटॉल गोड असतं, पण साखर नसतं. बऱ्याच जणांना थोडंफार चालतं. काहींच्या आतड्यात ते नीट शोषलं जात नाही, पाणी ओढतं आणि जुलाब होतात. कॉलेजात हे मी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. आणि या बाईंना भर दुकानात भेळ खाल्ली का म्हणून विचारलं होतं. वर चालू ठेवा म्हणून सांगितलं.

"सिरप बंद करा," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

"बंद केलं मी कालच. पर आता काय उपेग? उद्या माजी व्हॅन बंद करनारेत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोटोतली रिकामी जागा यांची होती. त्यांनी सांगितलं, कळ अशी आली की पोरं घरी पोचेपर्यंत दम निघेना. व्हॅनमधल्या सगळ्यांत मोठ्या मुलीला दारं उघडू नको म्हणून बजावलं, चावी काढून घेतली आणि समोरच्या वस्तीत धावल्या.

"मग ग्रुपवर सांगा ना सरळ," मी म्हणाले.

"काय सांगू? सगळी बापे मान्सं हायेत त्या ग्रुपात. तुमच्या दुकानात झालं तेवढं पुरं झालं."

मला वर बघवेना.

शनिवारी दुकानाचं शटर ओढलं आणि शाळेत गेले. मंगलताई मागच्या बाकावर बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. ही आता इथेही मोठ्याने सांगणार, अशी भीती असणार, आणि ती रास्तच होती.

मी उभी राहिले. "बाईंनी माझ्याकडून खोकल्याचं औषध नेलं. काय चालत नाही हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं. तरी मी तेच दिलं. त्रास झाला म्हणून त्या विचारायला आल्या, तेव्हा मी त्यांनाच बोलले आणि औषध चालू ठेवायला लावलं. त्या दिवशी गाडी थांबवली ती त्यामुळे."

मुख्याध्यापकांनी विचारलं, "पण त्रास नेमका काय झाला?"

"ते मी सांगणार नाही. गाडी चालवणं धोक्याचं होतं, म्हणून थांबवली. एवढं पुरेसं आहे."

शिंदे म्हणाले, "मॅडम, तुम्हीच तर दुकानात म्हणालात, अशा बाईच्या ताब्यात पोरं द्यायची कशाला?"

"हो, म्हणाले," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते. कान तापले होते, पण खाली बसायची सोय नव्हती. "माहिती नसताना म्हणाले. तेही चुकलं."

थोडी कुजबुज झाली. पुढे कधी असं झालं तर आधी ग्रुपवर कळवायचं, असं ठरवून व्हॅन चालू राहिली. बाहेर पडताना मंगलताई फक्त "येते" म्हणाल्या. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की असू दे म्हणून, ते मला कळलं नाही.

आता माझ्याकडे कुणी 'शुगरचं' म्हणालं की मी विचारते, साखर घातलेलं की शुगरवाल्यांचं? पोटाला काय चालत नाही, हेही विचारते. सॉर्बिटॉल असलेली सिरपं वेगळ्या फळीवर ठेवली आहेत. गिऱ्हाईक कडेला उभं राहिलं की मीच उठून त्याच्याजवळ जाते.

मंगलताईंची व्हॅन रोज माझ्या दुकानावरून जाते. औषध मात्र त्या समोरच्या मेडिकलमधून घेतात. समोरचा बी.फार्म. नाही, नुसता डिप्लोमावाला डी.फार्म. आहे. पण हळू बोलतो.