बंगळूरला निघालेला चरक

हूटगळ्ळीच्या निवृत्तीचा बाप शिंपी. जुना कोट उसवून पोराला जाकीट शिवायचा. निवृत्ती मोडीत काढलेल्या मोटारींची इंजिनं दुसऱ्याच कामाला जुंपतो. वरुणा गावातल्या गुऱ्हाळात त्याने असंच एक इंजिन उसाच्या चरकाला जोडलं. पण त्यातलं कंप्यूटर दीडशहाणं! चाकं फिरत नाहीत म्हणजे गाडी सिग्नलला उभी, असं समजून पेट्रोल वाचवायला ते सारखं इंजिन बंद करी. माणसांना थापा मारण्यात निवृत्ती तरबेज होताच. वैतागून त्याने चाकांच्या वायरीतून कंप्यूटरला खोटाच वेग कळवला. "चल बाबा, निघालो आपण बंगळूरला!"

कंप्यूटरला पटलं. चरक गरगरू लागला.

खुशीत त्याने डॉक्टरांनी बंद केलेला गूळ गरमागरम तोंडात टाकला, तोच बायकोचा, कमलाक्षीचा, फोन.

"कुठे आहात?"

"बंगळूर रस्त्यावर," गूळ गालात सरकवत तो म्हणाला.

मागे चरक करकरत होता. कमलाक्षीने तो नीट ऐकला. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "मग सुम्ने, उगाच रिकाम्या हाताने येऊ नका. वाटेत मद्दूर लागेल ना, तिथले वडे आणा. गरमच हवेत हं!"

निवृत्तीने इंजिनाकडे पाहिलं. ते तर मद्दूर केव्हाच ओलांडून गेलं होतं.