रिकाम्या खुर्चीचं तिकीट

मूल तालुक्यातल्या एका गावात शकुबाईच्या सत्काराचा फ्लेक्स आधीच तयार होता, फक्त तिचा फोटो यायचा होता. विक्की फ्लेक्सवाल्यानं कोपऱ्यांत कमळं, वर एक विमान टाकून मधोमध गोल जागा मोकळी सोडली होती. खाली मजकूर होता : ‘बिझनेस क्लासने विमानप्रवास केल्याबद्दल सौ. शकुबाई यांचे हार्दिक अभिनंदन.’ शुभेच्छुकांची तर रांगच होती. त्यातल्या बहुतेकांनी विमान खालूनच पाहिलेलं.

याला कारण शकुबाईचा दीर धनराज. मागच्या वर्षी तो टूरवाल्यांसोबत दुबईला जाऊन आला, आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत त्याचा उंटावरचा फ्लेक्स चौकात लागला. रात्रीचं नाटक पाहायला आलेले पाहुणे आधी धनराजला पाहत, मग नाटकाला. तेव्हापासून शकुबाईच्या नवऱ्यानं, गुणवंतरावानं, पानठेल्यावर बसणं सोडलं होतं. भावाचं कौतुक त्याला टोचतंय, हे शकुबाईला दिसत होतं. लेक दिव्यानीच्या बाळंतपणासाठी स्टॉकहोमला निघताना ती त्याला म्हणाली, “फोटो आणतोच मी. तुम्ही ठेल्यावर बसत जा. मले असं तोंड पाहवत नाई.”

वाटेत हेलसिंकीला मुलाकडे, सुनिलकडे, मुक्काम होता. तिथून पुढचं विमान तासाभराचं. सुनिलनं विमानप्रवासांचे साठवलेले पॉइंट लावले आणि आईचं तिकीट बिझनेस क्लासचं केलं. पॉइंट एकापुरतेच होते, म्हणून तो मागं बसणार होता.

“तू मागं काऊन?”

“माय, तुले फोटो पायजे न? मग बस सामोर. वर गेलो का मी येतो फोटो काढाले.”

शकुबाई चढली. मनात महाकालीचं नाव घेऊन खिडकीशी बसली आणि खुर्ची हातानं चाचपून पाहिली. हेलसिंकीला येताना विमानात होती, तशीच खुर्ची. तितकीच रुंद. गुडघ्यांना जागाही तेवढीच. फरक इतकाच, की पलीकडे कोटवाले एक साहेब आणि दोघांच्या मधली खुर्ची रिकामी.

रिकामी जागा दिसली की मूलच्या बसस्टँडवर माणूस जे करतो, तेच शकुबाईनं केलं. पर्समधला रुमाल काढला, मधल्या खुर्चीवर अंथरला आणि मागं वळून हाक दिली, “सुनिल, ये बापा! जागा धरली!”

कोटवाले साहेब रुमालाकडे असे पाहू लागले, जसा कोणी त्यांच्या ताटात पाय ठेवला. हवाईसुंदरी हसत आली आणि रुमालाची छान घडी करून शकुबाईच्या हाती दिली. मग तिनं मागं जाऊन पडदा ओढला. पडदा सरकता होता. पुढची महागाची तिकिटं जास्त खपली की मागं न्यायचा, कमी खपली की पुढं. मंडईच्या नाटकात खुर्चीवाल्यांची दोरी अशीच सरकते, पण तिथं निदान खाली बसणाऱ्याला नाटक तरी दिसतं.

थोड्या वेळानं सुनिल मोबाइल घेऊन पडद्यातून डोकावला. सुंदरीनं त्यालाही हसूनच अडवलं.

“माय, येऊ नाई देत!” तो तिकडूनच म्हणाला. “ते जागा कोणाचीच नाई. तिथी कोणी बसू नाई, म्हणूनच पैसे घेतेत.”

“म्हणजे न बसाचे पैसे?”

“हो.”

शकुबाईनं साहेबांकडे पाहिलं. बिचारा कधीचा मांडी आखडून बसला होता. कोणी जवळ बसू नये म्हणून इतका खर्च करणाऱ्याच्या घरी कोणी आहे की नाही, असं तिच्या मनात आलं. त्याच्यासाठीही तिनं देवीला हात जोडले.

तेवढ्यात ताट आलं. पाव, चीज, काकडीचे काप, बोटाएवढा केक. मागच्यांना नुसतं पाणी. शकुबाईनं अन्नाला नमस्कार केला आणि तिचा हात तिथंच थांबला. पडद्यापलीकडे पोटचं पोर बसलं असताना गिळायचं कसं? पण उठलं तर फोटो गेला. आणि फोटो गेला, तर गावी नवरा पुन्हा वर्षभर ठेल्याकडे पाठ करून बसणार.

तिनं ताट उचललं. साहेबांना म्हणाली, “सरका जरासे, भाऊ.” साहेबांना शब्द कळला नाही, ताट कळलं.

सुंदरी धावली, पण मग घुटमळली. मागच्यानं पुढं येऊ नये, हे तिला माहीत होतं. पुढच्यानं मागं जाऊ नये, असं तिला कोणी शिकवलं नसावं. तसं कोणी करतच नसेल.

पडद्यापलीकडे पाहते तर काय, सुनिलच्या शेजारची खुर्चीही रिकामीच! फुकटात.

“आता खा,” ती त्याच्याजवळ बसत म्हणाली. केकचे दोन तुकडे केले, मोठा त्याला दिला. तोंडात घास असतानाच त्यानं हात लांबवून बाजूनं दोघांचा फोटो काढला, त्यात समोरचा पडदाही आला.

विमान उतरल्यावर सुनिल म्हणाला, “चल, सामोरच्या खुर्चीवर काढून टाकू.” पण पडदा गुंडाळून झाला होता, आणि महागाच्या खुर्च्या कोणत्या, स्वस्ताच्या कोणत्या, हे आता त्यालाही सांगता येईना. मग तोच फोटो गावी गेला.

संध्याकाळी गुणवंतरावाचा फोन आला. विक्कीच्या दुकानातूनच.

“शकू, हा पडदा तुह्या सामोर कसा?”

“मी मांगं येऊन बसली जी.”

“काऊन?”

“सुनिल तिथी होता. मले जेवण जाईना.”

मग विक्कीचा आवाज आला, “काका, पडदा काढून टाकतो न. दोन मिनटाचं काम. कोणाले समजते?”

नाही म्हणा, असं शकुबाईला नवऱ्याला सांगायचं होतं. पण फोटोवाचून गावात तोंड दाखवायचं होतं ते त्याला, तिला नाही.

“पडदा राहू दे,” गुणवंतराव म्हणाला. “खालचं खोड. लिही... विमानात मुलाजवळ बसून जेवल्याबद्दल.”

“काका, ह्याच्यात अभिनंदन कायचं?”

“धनराजनं उंटावर बसून कोणाले जेऊ घातलं होतं का? तू लिही. आन् लवकर कर, मले ठेल्यावर जायचं हाये.”