आत फक्त सामान

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमलेलं नाही. सिअ‍ॅटलजवळच्या एका गावात मी सव्वीस वर्षं पोलिसात होतो. मूळचा साताऱ्याचा. ठाण्यात हिंदी येणारा मी एकटाच, त्यामुळे देशी चेहरा दिसला की मलाच पाठवत. त्याचा मला चांगलाच गर्व होता.

हिवाळ्यात एका सकाळी खबर आली. ट्रेलवर फिरायला जाणाऱ्या एका निवृत्त मराठी डॉक्टरकाकांना झाडीत धूर दिसला होता. मी गेलो. ताडपत्री आणि पत्र्यांची झोपडी होती. पण जमिनीपासून हातभर उचललेली, भोवती पाणी जायला चर खणलेला. बांधणाऱ्याचा हात सरावलेला होता. हे मी पाहिलं, पण त्यावर विचार केला नाही.

दाराशी सत्तरीचा एक म्हातारा उभा होता. पॅसिफिकमधल्या एका बेटांच्या देशातला. पणजोबा उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून तिकडे गेलेले, हिंदी जुन्या वळणाची. इथे आणणारा मुलगा वारला आणि भाड्याचं घर सुटलं, असं म्हणाला. आत कोण राहतं, असं मी विचारलं. कोणी नाही साहेब, फक्त सामान आहे, तो म्हणाला. मी मान डोलावली, तीन दिवसांत जागा मोकळी करायची नोटीस हातात दिली आणि रिपोर्टमध्ये ‘पुरुष, एक’ असं लिहून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी गेलो तर आत त्याची बायको मरून पडली होती. तो तिचे पाय चोळत बसला होता.

खोटं का बोलला, यावरून डिटेक्टिव्हला संशय आला. चौकशीत दुभाषा मीच. बायकोबद्दल काहीही विचारलं की म्हातारा टेबलाकडे बघायचा. तासभर गेला. मध्येच त्याने एकदाच विचारलं, झोपडी पाडली का? तेव्हा ती सरावल्या हाताने बांधलेली झोपडी आठवून माझी ट्यूब पेटली. बायकोचा विषय सोडून मी विचारलं, “काका, तुमच्या देशात घर कसं होतं?”

मग तो बोलला. शेतजमिनीचा भाडेकरार संपला, जमीन गेली, तेव्हापासून वीस वर्षं दोघं राजधानीबाहेरच्या सरकारी जागेवरच्या वस्तीत राहिली. जमीनखात्याची माणसं यादी घेऊन येत. झोपडीत माणसं सापडली की पत्र्यावर रंगाने नंबर टाकत, मागून पाडायचं मशीन येई. नुसतं सामान असेल तर कोणाची तरी कोठी समजून सोडून देत. म्हणून युनिफॉर्म दिसला की वस्तीत सगळ्यांचं एकच उत्तर असे, आणि बाया खाटेखाली श्वास रोखून पडत.

“तुम्ही आलात तेव्हा ती तोंडात पदर कोंबून खोकला दाबत होती,” तो म्हणाला. “तुम्ही गेल्यावर म्हणाली, माणूस बरा वाटतो, त्याला सांगू या. मीच तिला गप्प बसवलं.”

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण न्यूमोनिया लिहिलं. गुन्हा नव्हताच, फाइल बंद झाली. डिटेक्टिव्ह माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं? आपली भाषा बोललो की समोरचा आपल्याला आपलं मानतो, हा माझा भ्रम गेला. आणि दुसरं असं, की माझ्या आणि तिच्यामध्ये एक ताडपत्री होती. आत बघू का, एवढं मी विचारलं असतं तर ती बाई कदाचित जगली असती. मी विचारलं नाही, कारण पाऊस पडत होता आणि मला गाडीत जाऊन बसायचं होतं.