जस्ताचा पिंजरा

सकाळी मेथी निवडत बसले होते, तेव्हा निखिलचा फोन आला. "काकी, मम्मी नहीं रहीं…" एवढंच बोलला. निखिल हा माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, सुधाताईंचा, एकुलता मुलगा. मराठी त्याला सगळी समजते, पण बोलायची वेळ आली की तोंडून हिंदीच येते. रायपूरच्या आमच्यासारख्या निम्म्या घरांत हेच आहे. ब्राह्मणपाऱ्यातल्या माझ्या घरून तेलीबांध्याला त्यांच्याकडे पोचेपर्यंत मी रडले नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, कोपऱ्यात तो जाळीचा पिंजरा दिसला, कांद्यांनी भरलेला, आणि मग मात्र धीर सुटला. आता महिना उलटून गेलाय. त्या पिंजऱ्याची गोष्ट सुधाताईंनी कधी कुणाला सांगितली नाही, मलाही सांगू दिली नाही. पण मी काही तोंडाला कायमचं कुलूप लावणारी बाई नव्हे.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. रोज कुठेतरी नवी पाटी लागायची, नवं खातं उघडायचं, ज्याला त्याला घाई. सुधाताई कॉलेजात शिकवायच्या आणि पीएच.डी.ही करत होत्या. कॉलेजात मोठी जागा निघणार होती; प्रबंध वेळेत गेला तर ती त्यांचीच, असं सगळे धरून चालले होते. विषय होता उंदरांचा. गाभण उंदरिणीच्या खाण्यात जस्त कमी पडलं, किंवा वरून पुरवलं, तर तिची पिल्लं मोठी झाल्यावर साखर कशी पचवतात, अंगावर चरबी कशी धरतात. "आईच्या पोटात असताना जे मिळालं नाही ना शैला, त्याचा हिशोब लेकराचं शरीर पुढे आयुष्यभर मांडत बसते," असं त्या मला समजावून सांगायच्या. आमच्या सासूबाईंना हे काही केल्या पटायचं नाही. "घरच्या सुनेचं डोहाळजेवण सोडून ही उंदरांची सुईण होऊन राहिली!" असं त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या. सुधाताई हसायच्या आणि उंदरांचं खाद्य मळायला घ्यायच्या. त्या खाद्यातून जस्त वगळायचं म्हणून त्यांनी केवढा खटाटोप केला होता! पाणी गाळलेलं, भांडी काचेची, हात दहादा धुतलेले.

आणि तरी फरक दिसेना. जस्त न मिळालेल्या आयांची पिल्लं बाकीच्यांसारखीच धडधाकट. त्यांचे मार्गदर्शक सर म्हणाले, परिणाम नाही असं लिहून टाका, हाही निष्कर्षच आहे. लिहिणं सुरूही झालं. एका रविवारी मी डबा घेऊन कॉलेजात गेले तर सुधाताई अंगणात बसून पिंजरे घासत होत्या. हे काम त्या शिपायाला करू द्यायच्या नाहीत. घासता घासता त्यांचा हात थांबला. जाळी सगळीकडे चकचकीत होती, फक्त उंदरांचं तोंड पोचतं तिथे काळवंडली होती, आणि तारांवर दातांच्या बारीक खुणा होत्या. पिंजरे भनपुरीच्या एका वेल्डिंगवाल्याने केले होते. तशाच ओल्या हातांनी त्यांनी ऑफिसातून त्याला फोन लावला, जाळीला चढवलंय काय ते विचारायला. तो बिचारा अभिमानाने म्हणाला, "असली जस्ता है दीदी, जंग लगेगा ही नहीं!"

सुधाताईंनी फोन ठेवला. खाद्यातून काढलेलं जस्त उंदरीण जाळी चाटून परत मिळवत होती. मग जोरात हसायलाच लागल्या. "पाह्य वं शैला, आई कशी असते! आपल्या लेकरासाठी लोखंड चाटून काढलं तिनं…" हसता हसता डोळ्यांत पाणी आलं होतं.

संध्याकाळी घरात खडाजंगी झाली. आमचे थोरले दीर, सुधाताईंचे यजमान, स्वभावाने गरीब माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला. "काहून फेकून राहिली दोन वर्षांचं काम? जागा जाईल ना हातची. कोणाले समजते पिंजरा कशाचा होता ते?"

"मले समजलं ना," सुधाताई म्हणाल्या, आणि पोळ्या लाटायला गेल्या.

जागा गेली. त्यांच्याहून धाकट्या बाईंना मिळाली. सुधाताईंनी त्याच भनपुरीवाल्याकडून स्टीलच्या जाळीचे पिंजरे करून घेतले, नव्या उंदरिणी आणल्या, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला पिल्लांत फरक दिसला. त्यांना वाटलं होतं तितका सरळ नव्हता. नरांत वेगळा, माद्यांत वेगळा. तो जसा होता तसाच त्यांनी लिहिला. पदवी उशिरा मिळाली, बढती कधीच नाही. जुन्या पिंजऱ्यांपैकी एक घरी आणून त्यात कांदे भरले, आणि मला दटावलं, "याचा गाजावाजा नको हं." एवढी मानी बाई मी दुसरी पाहिली नाही. माझी जाऊ होती ती, हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

तेराव्यानंतर निखिल घर आवरत होता. पिंजऱ्याला पाय लावून म्हणाला, "काकी, ये कबाड़ में दे दूँ?" मी उसळलेच. "हात नको लावूस! मी नेणार आहे तो ब्राह्मणपाऱ्याला." आणि तिथेच, कांद्यांच्या सालपटांत बसून, त्याला सगळं सांगितलं. त्याने एकेक कांदा बाहेर काढला. काळवंडलेल्या तारांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"काकी," तो अडखळत म्हणाला, "हा… मले राहू द्या."

पिंजरा तेलीबांध्यालाच राहिला. मी कांदे घेऊन घरी आले.