भेटीचा रविवार

मुलगा गेल्यावर सून नातीला घेऊन मोहोपाड्याला भावाकडे राहायला गेली, कारखान्याच्या कॉलनीत. हळूहळू तिने आमचा फोन घेणं बंद केलं. वकील म्हणाले, आजी-आजोबांचा असा वेगळा हक्क कायद्यात लिहिलेला नाही. पण मुलीच्या हिताचं वाटलं तर कोर्ट भेटू देतं. कागदपत्रं जमवणं मला जमतं. भेट मिळाली: महिन्यातून दोन रविवार, अकरा ते एक, कॉलनीच्या बागेत.

कर्जतहून निघताना पिशवी तयार असायची. खडू, पेरू, सापशिडी. कशानंतर काय, तेही ठरलेलं. हे म्हणायचे, "अगं, नातीला भेटायला चाललोय, शाळा तपासायला नाय."

एका शनिवारी सुनेचाच फोन आला. "आई, उद्या अकराला तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे. पुढच्या रविवारी याल का?"

"ऑर्डरमध्ये उद्याचा रविवार आहे," मी म्हणाले.

"बरं. आणते."

"जाऊ द्यायचंस की गं पोरीला," हे म्हणाले. मी म्हणाले, एक रविवार सोडला की सगळेच सुटतील. मला तसं खरंच वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं.

नात झालरीचा फ्रॉक घालून आली. सून लांबच्या बाकावर बसली. समोरच्या इमारतीतून वाढदिवसाची गाणी ऐकू येत होती. मी सापशिडी मांडली. नातीने मान खाली घालून फासा टाकला आणि मला म्हणाली, "आता तुम्ही खेळा."

आमच्याकडे आजीला कुणी तुम्ही म्हणत नाही. तीही आधी "ए आजी" म्हणायची.

"तुमी?" हे हसले. "आमी काय पावनं हाव का गं?"

ती हसली नाही.

"जा बाळा, केक कापतील," मी म्हणाले.

ती उठेना. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी गेले तर कोर्ट आईला ओरडेल?"

"नाही गं."

"तुम्ही सांगणार नाही ना?"

"नाही सांगणार." मला तिच्याकडे बघवेना.

ती पळाली. सून तिच्या मागे गेली.

बाहेर जायचा रस्ता त्याच इमारतीखालून होता. आम्ही एक वाजेपर्यंत बाकावर बसून राहिलो. खिडकीतून दिसलो असतो, तर तिला वाटलं असतं, परत न्यायला आलो.